तिथीवर चालणारा स्टुडिओ

तालुक्याच्या गावातला फोटोग्राफीचा धंदा लग्नाच्या तिथीवर चालतो. पासपोर्ट फोटो, बारशी, वाढदिवस, शाळांची स्नेहसंमेलने, दुकानांची उद्घाटने ही कामे वर्षभर येत राहतात आणि गाळ्याचे भाडे व विजेचे बिल त्यांतून निघते. पण कॅमेरा बदलायचा, कर्जाचा हप्ता भरायचा किंवा मुलांची वर्षाची फी भरायची, तर ती लग्नसराईच्या जोरावर. हे वर्णन कराडचे आहे. कृष्णा-कोयनेच्या संगमावरच्या या गावात प्रस्तुत लेखकाचा स्टुडिओ आहे. पुढे जे सांगितले आहे ते त्या दुकानाच्या गल्ल्यावर बसून, मांडवात उभे राहून आणि रात्री अल्बमच्या फायली उघडून पाहिलेले आहे. उंब्रज, मसूर, ओगलेवाडी, पार पाटणपर्यंतचे गिऱ्हाईक कराडला येते. त्यामुळे स्टुडिओही पुष्कळ आहेत, आणि ज्यांच्याकडे गाळा नाही, फक्त कॅमेऱ्याची बॅग आणि मोटारसायकल आहे, असे तरुण त्याहून अधिक आहेत.

तिथीचे गणित बाहेरच्याला साधे वाटते, पण धंद्याची सगळी घडण त्यातून झाली आहे. आषाढी ते कार्तिकी एकादशी या चातुर्मासात लग्ने जवळजवळ नसतात. तुळशीची लग्ने लागली की मुहूर्त सुरू होतात, पौषात बरीच घरे थांबतात, माघ-फाल्गुनात पुन्हा वेग येतो आणि शाळांना सुट्ट्या लागल्यावर ऐन हंगाम येतो. पंचांगात वर्षाकाठी साधारण ५० ते ७० मुहूर्त असतात. त्यांतले रविवारी किंवा सुटीला लागून येणारे थोडे, आणि सगळी मंगल कार्यालये नि लॉन्स त्या थोड्या दिवसांनाच भरतात. एखाद्या वर्षी ग्रह आड येतात. २०२४च्या मे-जूनमध्ये शुक्राचा अस्त होता आणि त्यातच काही दिवस गुरूचाही. काही पंचांगांनी अडचणीच्या काळासाठीचे, गौणकालातले मुहूर्त दिले, पण ज्या घरांना ते मान्य नव्हते त्यांनी लग्ने आधीच उरकली किंवा दिवाळीपलीकडे ढकलली. २०२६मध्ये ज्येष्ठ अधिक, १७ मे ते १५ जून. धोंड्याच्या महिन्यात जावयाला वाण मिळते, पण मांडव पडत नाही. म्हणजे हंगामाच्या मधोमध एक महिना कोरा. म्हणून जुना फोटोग्राफर पुढच्या वर्षाच्या तिथी आधी मोजतो आणि मगच नव्या कॅमेऱ्याचे कर्ज काढतो.

सगळ्यांचे काम एकाच दिवशी येते, याचा परिणाम स्पर्धेवर होतो आणि तो वरवर पाहणाऱ्याच्या ध्यानात येत नाही. आज लग्नाची ऑर्डर म्हणजे एका माणसाचे काम राहिलेले नाही. ट्रॅडिशनल फोटोला एक, ट्रॅडिशनल व्हिडिओला एक, कँडिडला एक, सिनेमॅटिकला एक आणि ड्रोन उडवणारा वेगळा, अशी पाच माणसे एका मांडवात लागतात. वर्षातले आठ महिने ज्यांना पुरेसे काम नाही अशा पाच जणांना पगारावर ठेवणे कोणत्याच स्टुडिओला परवडत नाही. मग दाट तिथीला एका दुकानाचा मालक दुसऱ्याच्या ऑर्डरवर कॅमेरा धरतो आणि त्याचा चुलतभाऊ तिसऱ्याकडे व्हिडिओला उभा असतो. मंगळवारी ज्याने कमी दर सांगून ऑर्डर पळवली, त्याच्याच फोनची रविवारी वाट पाहावी लागते. गावातला स्पर्धक हाच गावातला सहकारी असतो, आणि ही गोष्ट ज्याला उमगली तोच या बाजारात टिकतो, असे प्रस्तुत लेखकाचे ठाम मत आहे.

एका दाट तिथीच्या आदल्या रात्री एका प्रतिस्पर्धी स्टुडिओच्या मालकाचा लेखकाला फोन आला. त्याचा व्हिडिओवाला गाडीवरून घसरून पडला होता आणि सकाळी हळद होती. या दोघांत दरावरून बोलणे बंद झालेले होते. तरी लेखकाच्या स्टुडिओतला एक माणूस पहाटे त्या गावी पोहोचला आणि त्या दिवशी लेखकाने स्वतःच्या ऑर्डरवर फोटो आणि कँडिड दोन्ही कॅमेरे गळ्यात अडकवून सांभाळले. पुढच्या हंगामात लेखकाच्या घरात आजारपण आले, तेव्हा तोच मालक न बोलावता आला आणि दोन दिवस उभा राहिला. असे व्यवहार कोणत्याही वहीत लिहिलेले नसतात. पण कुणाला वेळेला माणूस मिळतो आणि कुणाला मिळत नाही, हे त्यांवरच ठरते.

माणूस मिळण्याचे दुसरे कारण अगदी रोकडे आहे. हजेरीवर येणाऱ्या मुलांचे पैसे कधी द्यायचे, याच्या दोन पद्धती आहेत. काही स्टुडिओ गिऱ्हाइकाकडून पूर्ण रक्कम आल्यावर मुलांना देतात, म्हणजे कधी कधी चार-सहा महिन्यांनी. काही स्टुडिओ वरात संपल्यावर, गाडीत बॅगा भरण्याआधी, जागेवरच देतात. लेखकाच्या दुकानात दुसरी पद्धत आहे आणि तिच्यासाठी हंगामाच्या सुरुवातीला थोडी रक्कम वेगळी काढून ठेवावी लागते. ही मुले पहाटे पाचला निघतात, दुपारच्या उन्हात नवरदेवाच्या मिरवणुकीपुढे उलटे चालतात, पंगत उठल्यावर उरलेले जेवतात आणि रात्री बाराला घरी जातात. गिऱ्हाइकाने पैसे थकवले ही त्यांची जबाबदारी नाही. त्यांची मजुरी अडवून ठेवणारा मालक कितीही नामवंत असला तरी तो या धंद्याचे नुकसान करतो.

दर पाडण्याच्या चढाओढीचे मूळही इथेच आहे. उदाहरणादाखल हळद आणि लग्न अशा दोन दिवसांची ६०,००० रुपयांची ऑर्डर धरू. मालक स्वतः एक कॅमेरा धरतो. बाकी तिघांची दोन दिवसांची हजेरी २२,०००, ड्रोनचे ५,०००, दोन अल्बमची छपाई आणि डिझाइन १२,०००, व्हिडिओचे एडिटिंग ७,०००, गाडी आणि इतर किरकोळ २,०००. हे झाले ४८,०००. उरलेल्या १२,०००मधून गाळा, वीज, हार्ड डिस्क, विमा, मालकाची स्वतःची मजुरी आणि कॅमेऱ्याची झीज निघायची असते. आता कुणी हीच ऑर्डर ४५,०००ला घेतली, तर घेतानाच तो ३,०००च्या तोट्यात असतो. मग तो तोटा कुठून भरून काढतो? तिसरा माणूस आणत नाही, किंवा आणतो आणि त्याचे पैसे थकवतो, किंवा अल्बमचा कागद हलका लावतो, किंवा लग्न झाल्यावर ‘जादा शीट’च्या नावाने रक्कम वाढवतो. गिऱ्हाइकाच्या मनात मग सगळ्याच फोटोग्राफरांबद्दल अढी बसते.

कॅमेऱ्याची झीज हा या हिशेबातला सर्वांत दुर्लक्षिलेला आकडा. मधल्या किमतीच्या अनेक डीएसएलआर कॅमेऱ्यांच्या शटरचे आयुष्य कंपन्या सुमारे दीड लाख क्लिक असे सांगतात. दोन दिवसांच्या लग्नात एका कॅमेऱ्यावर ४,००० क्लिक सहज होतात. म्हणजे ३७-३८ लग्नांत शटरचे सांगितलेले आयुष्य संपले. ते त्यानंतरही चालते, पण ते मांडवात कधी थांबेल याची खात्री राहत नाही, आणि मंगळसूत्र दुसऱ्यांदा घालता येत नाही. कॅमेऱ्याची किंमत भागिले ३७ एवढी रक्कम प्रत्येक ऑर्डरमधून बाजूला काढली नाही, तर नवा कॅमेरा दर वेळी कर्जावरच येतो. कमी दरात काम करणारे बहुतेक तरुण हे बाजूला काढणे टाळतात आणि तीन-चार हंगामांनी धंद्यातून बाहेर पडतात. त्यांची जागा लगेच दुसरे घेतात. दर मात्र खालीच राहतो.

रोलच्या काळात अशी स्थिती नव्हती. एका रोलमध्ये ३६ फोटो निघत. प्रत्येक क्लिकला पैसे पडत, त्यामुळे बोट जपून दाबले जाई. नेगेटिव्ह स्टुडिओत राहत आणि कुणाला कॉपी हवी असली की त्याच दुकानात यावे लागे. कॅमेरा हाताळायला, रोल धुवायला, प्रकाशाचा अंदाज यायला वर्षे जात, आणि ती वर्षे उस्तादाच्या हाताखाली काढावी लागत. व्हिडिओवाल्याबरोबर हॅलोजन धरणारा एक पोऱ्या असे आणि लग्नाची कॅसेट मिक्सिंग करून मिळायला दोन महिने लागत. उटीचा हिंदुस्थान फोटो फिल्म्सचा कारखाना ‘इंदू’ नावाने कृष्णधवल फिल्म आणि कागद बनवी. मग डिजिटल आले. कोनिका मिनोल्टाने २००६मध्ये कॅमेरा आणि फिल्मच्या धंद्यातून अंग काढले, २०१२च्या जानेवारीत कोडॅकने अमेरिकेत दिवाळखोरीचा अर्ज केला. २००८मध्ये आलेल्या कॅननच्या फाइव्ह-डी मार्क टू या कॅमेऱ्यात पूर्ण एचडी व्हिडिओ निघू लागला आणि फोटोवाला व व्हिडिओवाला यांच्यातली भिंतच पडली. कलर लॅब बंद पडल्या किंवा करिझ्मा अल्बम छापू लागल्या. शिकायला वर्षे लागत होती तिथे महिने पुरू लागले. हे वाईट झाले असे नाही. ज्या मुलांना कधी कॅमेऱ्याला हात लावता आला नसता अशी कितीतरी मुले त्यामुळे या कामात आली आणि त्यांतली काही फार चांगली निघाली.

कौशल्य आता वेगळ्या ठिकाणी लागते. एलईडीच्या भिंती आणि रंगीत दिवे आल्यापासून मांडवातला प्रकाश अवघड झाला आहे. भारतातली वीज ५० हर्ट्झची आहे. शटर १/६०वर ठेवले तर दिव्यांच्या लुकलुकण्याने व्हिडिओत पट्टे सरकताना दिसतात, १/५० किंवा १/१००वर ठेवले तर बहुधा जातात. लॉनच्या गुलाबी कापडाखाली दुपारी साडेबाराच्या मुहूर्ताला सगळ्यांचे चेहरे गुलाबी येतात, आणि ते नंतर संगणकावर पूर्ण सुधारत नाहीत. आधी पांढरा कागद धरून रंगाचा तोल साधावा लागतो. पण या तांत्रिक गोष्टींहून मोठे कौशल्य माणसे ओळखण्याचे आहे. मंगलाष्टका सुरू झाल्या, मामा नवरीला घेऊन आला, अंतरपाट धरला, की व्यासपीठासमोर पंधरा-वीस मोबाइल वर होतात. शेवटचे ‘सावधान’ झाल्यावर अक्षतांचा वर्षाव होतो, वाजंत्री एकदम सुरू होते, मित्र नवरदेवाला खांद्यावर उचलतात आणि हार घालण्याचे दोन-तीन क्षण त्या गर्दीत निघून जातात. त्या वेळी कोण कुठे उभा राहणार हे दोन्ही बाजूंच्या फोटोग्राफरांनी आधी ठरवलेले नसेल, तर एकाच्या चौकटीत दुसऱ्याची पाठ येते. बऱ्याच लग्नांत मुलाकडचा आणि मुलीकडचा असे वेगवेगळे स्टुडिओ असतात. ते भांडले तर दोन्ही अल्बम बिघडतात. म्हणून हळदीच्या रात्रीच समोरच्या फोटोग्राफरला भेटून, एकमेकांना ‘दादा’ म्हणत जागा वाटून घेण्याची रीत या भागात पडली आहे आणि ती फार चांगली आहे.

त्याच गर्दीत आणखी एक काम असते. कराडकडच्या लग्नांत मुहूर्ताआधी पुढाऱ्यांचे आशीर्वाद असतात आणि माइकवर नावे पुकारली जातात. घरच्यांना प्रत्येक मान्यवराबरोबरचा फोटो हवा असतो, कारण तो माणूस आपल्या कार्याला आला ही त्यांच्या दृष्टीने मोठी गोष्ट असते. पण तितकीच मोठी गोष्ट म्हणजे आजोळहून आलेली म्हातारी मावशी, जी कुठल्याच गटफोटोत बोलावली जात नाही आणि मागच्या खुर्चीवर बसून राहते. अनुभवी फोटोग्राफर हळदीच्या दिवशीच घरातल्या एका जाणत्या बाईला विचारून ठेवतो की कोणकोण महत्त्वाचे आहे. पुरुषांना विचारले तर ते पाहुण्यांची नावे सांगतात, बायांना विचारले तर त्या नातीगोती सांगतात. अल्बमला दुसरी यादी लागते.

लग्न झाले की गिऱ्हाइकाच्या दृष्टीने फोटोग्राफरचे काम बरेचसे संपलेले असते. स्टुडिओचे मात्र निम्मे उरलेले असते, आणि धंदा बुडतो तो इथे. दोन-चार हजार फोटोंतून अल्बमसाठी दीडशे-दोनशे निवडून द्यायचे असतात. नवरी सासरी जाते, नवरा पुण्याला किंवा मुंबईला नोकरीवर जातो, आईवडील म्हणतात मुलांनीच निवडू दे. सहा महिने जातात. अल्बम झाला नाही म्हणून शेवटचा हप्ता थांबतो. शेतकरी घरांत रक्कम ऊसबिलावर टाकलेली असते. उसाचे पैसे चौदा दिवसांत द्यावेत असा नियंत्रण आदेश आहे, पण ते लांबले की अल्बमचे पैसेही लांबतात, आणि त्यात त्या घराचा काही दोष नसतो. लेखकाने हंगामाहंगामांतून ठरवलेली पद्धत अशी आहे: ऑर्डर घेताना एक हिस्सा, हळदीच्या दिवशी मोठा हिस्सा आणि अल्बम देताना अगदी लहान हिस्सा. फोटो निवडायला तीन महिने. त्यानंतर स्टुडिओ स्वतः निवड करून अल्बम छापेल, हे कागदावर लिहिलेले. सुरुवातीला लोकांना हा कागद खटकतो. लग्नासारख्या घरच्या कार्यात सह्या कसल्या, असे वडीलधारे म्हणतात. पण तारखा, माणसे, अल्बमची पाने आणि रक्कम एका पानावर मराठीत लिहिली, की भांडणाचे प्रसंगच फार कमी होतात, आणि मग तेच वडीलधारे पुढच्या मुलीच्या लग्नात कागद आधी मागतात.

फोटो आणि व्हिडिओ साठवणे हा वेगळा खर्च आहे. फोर-के व्हिडिओ सेकंदाला १०० मेगाबिट वेगाने टिपला तर तासाला ४५ जीबी जागा लागते. दोन कॅमेऱ्यांवर मिळून सहा तास झाले की २७० जीबी, आणि चार हजार कच्च्या फायलींचे आणखी १०० जीबी. एका दाट तिथीच्या आठवड्यात तीन लग्ने झाली तर एक टीबीहून अधिक. आणि हे सगळे एकाच हार्ड डिस्कवर ठेवणे म्हणजे न ठेवल्यासारखेच. डिस्क पडली किंवा बिघडली की सर्व गेले. कार्ड रिकामे करण्याआधी दोन वेगळ्या डिस्कवर प्रत झाली पाहिजे आणि त्यांतली एक दुकानाबाहेर, घरी असली पाहिजे. कृष्णेला पूर आला की नदीकाठच्या गाळ्यांत पाणी शिरते. २०१९च्या ऑगस्टमध्ये सातारा-सांगली-कोल्हापूर पट्ट्याने ते पाहिले आहे. स्वस्तात ऑर्डर घेणारा सर्वांत आधी डिस्कवर काटकसर करतो, कारण ती कुणाला दिसत नाही.

या फोटोंचा मालक कोण, याबद्दल गावात पक्का गैरसमज आहे. बहुतेक फोटोग्राफर मानतात की ज्याने क्लिक केले त्याचा हक्क. भारताच्या १९५७च्या कॉपीराइट कायद्याचे १७वे कलम वेगळे सांगते: कुणी मोबदला देऊन फोटो काढून घेतला आणि दोघांत तसा वेगळा करार नसेल, तर पहिला मालक तो काढून घेणारा. म्हणजे लग्नाच्या फोटोंवर हक्क लग्नघराचा. ज्या नवरीचा फोटो स्टुडिओने न विचारता जाहिरातीच्या फ्लेक्सवर लावला, तिच्या घरचे चिडले तर कायदाही त्यांच्याच बाजूने आहे. आणि कायदा नसता तरी एखाद्याच्या मुलीचा चेहरा चौकात लावण्याआधी विचारणे हे साधे माणुसकीचे आहे. आपले काम लोकांना दाखवल्याशिवाय नवी ऑर्डर मिळत नाही, हेही खरे. म्हणून कागदावर एक ओळ हवी: हे फोटो स्टुडिओने दाखवले तर चालतील का, चालतील तर कोणते. बरीच घरे आनंदाने हो म्हणतात. काही नाही म्हणतात, आणि त्यांचे म्हणणे पाळायचे असते.

प्री-वेडिंग आणि ड्रोन यांच्याबद्दल थोडक्यात. प्री-वेडिंगमुळे मधल्या काही वर्षांत हंगामाबाहेरही काम मिळू लागले. पण या भागातल्या अनेक घरांना ते पसंत नसते, आणि २०२५मध्ये मराठा समाजाच्या काही बैठकांत लग्नांसाठी जी आचारसंहिता ठरली तिच्यात प्री-वेडिंग नको असेही होते. फोटोग्राफराचे उत्पन्न बुडते म्हणून त्याविरुद्ध बोलणे बरोबर नाही. ज्या बापाला कर्ज काढून हे करावे लागते त्याची बाजू खरी आहे. ड्रोनसाठी २०२१चे नियम आहेत. २५० ग्रॅमपर्यंतच्या नॅनो ड्रोनला वैमानिकाचा परवाना लागत नाही, त्याहून मोठ्या ड्रोनने धंदा करायचा तर लागतो, आणि उडवण्याआधी सरकारच्या ‘डिजिटल स्काय’ संकेतस्थळावरचा नकाशा पाहावा लागतो. कराडला विमानांची धावपट्टी आहे, त्यामुळे इथे तर तो पाहायलाच हवा. वरातीच्या गर्दीवर खाली ड्रोन आणण्याचा आग्रह घरचे धरतात. तिथे नाही म्हणता आले पाहिजे, कारण खाली लहान मुले असतात.

दुकानाच्या गल्ल्यावरचे काम कमी झाले आहे. पासपोर्टचा फोटो आता पासपोर्ट सेवा केंद्रातच काढतात, आधारचा आधार केंद्रावर. स्पर्धा परीक्षांच्या अर्जांना कागदी फोटोऐवजी ठरावीक केबीतली फाइल लागते आणि ती मुले मोबाइलवर बनवतात. तरी शाळा-कॉलेज सुरू होण्याच्या दिवसांत ३५ बाय ४५ मिलिमीटरचे फोटो काढायला रांग लागते. घाईघाईत आलेल्या मुलाची कॉलर सरळ करून, केस नीट करायला आरसा देऊन फोटो काढला, तर तो मुलगा दहा वर्षांनी आपल्या लग्नाची ऑर्डर घेऊन येतो.

गल्ल्यावरचे एक काम मात्र कमी झालेले नाही, आणि ते सर्वांत जबाबदारीचे आहे. घरात कुणी गेले की उत्तरकार्याच्या आत मोठा, फ्रेम केलेला फोटो लागतो. एका संध्याकाळी पाटणकडचा एक शेतकरी आधार कार्ड घेऊन आला. “आईचा ह्यो एकच फोटो हाय, दादा,” म्हणाला. कार्डावरचा फोटो बोटाच्या पेराएवढा, छपाईचे ठिपके उमटलेला. तो मोठा केला की चेहरा राहत नाही, ठिपके मोठे होतात. अशा वेळी दुसरा फोटो शोधावा लागतो. घरातल्या कुणाच्या मोबाइलमध्ये, कुणाच्या बारशात, कुणाच्या हळदीत. बोलता बोलता कळले की त्याच्या पुतणीचे लग्न काही वर्षांपूर्वी याच स्टुडिओने केले होते. जुनी डिस्क लावली. हळदीच्या फायलींत जात्याभोवती बसलेल्या बायका होत्या, त्यात म्हातारी मान किंचित वळवून गाताना दिसत होती. त्यातून चेहरा वेगळा काढला, मागची माणसे पुसली, डोक्यावरचा पदर सारखा केला. मग विचारायचा तो प्रश्न हळू आवाजात विचारला: कपाळावर कुंकू ठेवायचे का? वडील हयात आहेत, ठेवा, असे त्याने सांगितले. पुरुषांच्या फोटोत टोपी की फेटा, हाही असाच विचारूनच ठरवायचा प्रश्न. बारा बाय अठरा इंचांची प्रत निघाली तेव्हा तो माणूस बराच वेळ ती हातात धरून उभा होता. या कामाला घासाघीस होत नाही आणि लेखकाच्या दुकानात कागद नि फ्रेम यांपलीकडे पैसे घेत नाहीत. पण सर्वांत स्वस्त दर सांगणाऱ्या स्टुडिओने त्या हळदीच्या फायली अल्बम दिल्यावर पुसून टाकल्या असत्या, तर त्या घरात त्या बाईचा ओळखू येण्याजोगा फोटो राहिला नसता.

कोरोनाच्या टाळेबंदीत या धंद्याची खरी ताकद आणि कमजोरी दोन्ही कळली. २०२०चा उन्हाळी हंगाम पूर्ण गेला. २०२१च्या एप्रिलमध्ये महाराष्ट्रात लग्नाला २५ माणसे आणि दोन तास अशी मर्यादा आली, ती मोडली तर ५०,००० रुपये दंड. पंचवीस माणसांच्या लग्नात पाच फोटोग्राफर कोण नेणार? हजेरीवरची मुले भाजीच्या गाड्यांवर, साखर कारखान्यांच्या हंगामी कामावर गेली. काही परतलीच नाहीत. ज्या दुकानांनी त्या काळात आपल्या मुलांना थोडी उचल दिली, त्यांच्याकडे २०२२च्या दाट तिथींना माणसे होती. ज्यांनी दिली नाही, त्यांनी ऑर्डरी परत केल्या. वीस लाखांच्या आत उलाढाल असलेल्या या दुकानांना जीएसटीची नोंदणी सक्तीची नाही आणि बहुतेकांकडे उत्पन्नाचा धड कागद नाही. त्यामुळे बँकेकडे कर्ज मागायला गेल्यावर सांगण्यासारखे काही नव्हते. तेव्हापासून कराडातल्या काही स्टुडिओंनी पावत्या फाडायला आणि विवरणपत्र भरायला सुरुवात केली आहे. कर भरावा लागत नसला तरी विवरणपत्र भरावे, हे नव्या मुलांना सांगावेसे वाटते. पुढच्या कॅमेऱ्याचे कर्ज त्याच कागदावर मिळणार आहे.

ज्यांच्या घरी यंदा कार्य आहे त्यांना एवढीच विनंती: फोटोग्राफर ठरवताना दराआधी तीन गोष्टी विचारा. मांडवात किती माणसे येणार, त्यांचे पैसे कधी दिले जाणार आणि फायलींच्या किती प्रती किती वर्षे ठेवल्या जाणार. फोटो तीन महिन्यांत निवडून द्या. आणि पेनड्राइव्ह हातात आला की त्याच आठवड्यात त्याची दुसरी प्रत करून ती दुसऱ्या घरात, आत्याकडे किंवा मामाकडे, ठेवून द्या.